एक्केचाळीस रिकामी पाकिटं

१

बाराच्या बारा खोकी जागेवर होती, तीनशेच्या तीनशे पाकिटं शिल्लक होती, आणि तरी चोरी झाली होती.

मंगळवारी सकाळी ऋतुराजनं हे पद्मजाबाईंच्या दारात उभं राहून दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्याचं त्यालाच ते पटलं नाही. पद्मजाबाईंनी त्याला आत घेतलं, खुर्चीत बसवलं आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. कुर्डुवाडी जंक्शनच्या पार्सल ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. ज्याचं पार्सल हरवलंय त्याला आधी पाणी द्यायचं आणि मग फॉर्म, हा तिथला धडा त्या विसरल्या नव्हत्या.

निवृत्त होऊन त्या जुळे सोलापुरातल्या या इमारतीत तळमजल्यावर राहायला आल्या, पण हरवलेल्या वस्तूंनी त्यांचा पिच्छा काही सोडला नाही. कुणाचा गॅसचा सिलिंडर गेला, कुणाचं दहावीचं सर्टिफिकेट, कुणाची नवी कोरी चप्पल, की माणूस जिना उतरून त्यांच्याकडे यायचा. त्यांचं म्हणणं एकच असे: पार्सल कधी हरवत नाही, कुणीतरी मनातल्या मनात ते दुसऱ्या पत्त्यावर बुक केलेलं असतं. पत्ता सापडला की पार्सल सापडलं.

तिसऱ्या मजल्यावरचा ऋतुराज दिवसा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा आणि उरलेल्या वेळात कानाला हेडफोन लावून यंत्रांवर संगीत बनवायचा. इलेक्ट्रॉनिक संगीत. त्याच्या ताज्या संगीताचा कच्चा माल म्हणजे सोलापूरचा नळ. चार-पाच दिवसांनी पाणी यायच्या आधी नळातून जी हवा फुसफुसते, मग घशात अडकल्यासारखं काहीतरी गुडगुडतं, मग पिंपात पहिली धार पडते, ते सगळं त्यानं टिपून, ताणून, एकात एक विणून चाळीस मिनिटांचं काहीतरी केलं होतं. इमारतीतल्या लोकांना त्यात विशेष काही वाटलं नाही. हा आवाज ते फुकटात ऐकत होते.

पण हे संगीत त्यानं मोबाइलवर सोडून दिलं नाही. स्वतःच्या हिमतीवर त्याच्या काळ्या तबकड्या काढल्या, जुन्या काळच्या रेकॉर्डसारख्या, तीनशे नग. आता रेकॉर्ड कोण ऐकतं, असं अर्ध्या सोसायटीनं विचारून झालं होतं. ऐकणारे थोडे असतात, पण वाट बघतात, असं तो म्हणायचा. आणि ते खरंच वाट बघत होते. एक्केचाळीस जणांनी आगाऊ पैसे भरून आपापला आवडीचा नंबर राखून ठेवला होता. त्याला आठ महिने झाले होते, कारण कारखान्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. आता इंटरनेटवर त्यांच्यापैकी कुणीतरी लिहिलं होतं, की सोलापूरचा हा माणूस पैसे घेऊन गप्प बसलाय.

“त्यामुळे शनिवार चुकवून चालणार नाही, काकू,” ऋतुराज म्हणाला.

शनिवारी कुरियरची गाडी येणार होती. एक्केचाळीस नग आगाऊवाल्यांना आणि अडीचशे रॉटरडॅमच्या एका वितरकाला जायचे होते. नऊ घरात राहणार होते. वितरकानं साफ कळवलं होतं, की आधी तुझ्या लोकांचा माल दे, मग माझा पाठव, आणि अडीचशेच्या खाली मी हात लावत नाही. दोन्ही जमलं तर ऋतुराजचं नाव युरोपातल्या दुकानांत लागणार होतं. नाही जमलं तर त्याच दुकानांत ते लबाड म्हणून पोचणार होतं.

आणि आज सकाळी पॅकिंगला बसल्यावर त्याला दिसलं, की बरोबर त्या एक्केचाळीस जणांच्या पाकिटांत तबकड्याच नाहीत.

“आत काहीच नाही?” पद्मजाबाईंनी विचारलं.

“आहे ना. तेच तर कळत नाही,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं विनवलं, की वर या, पण अण्णांना काही बोलू नका. वडिलांना हा सगळा उद्योग आधीच पटत नव्हता.

२

पाकिटांत पुठ्ठा होता. तबकडीच्या मापाचा, गोल, कडेनं सफाईनं कापलेला. प्रत्येक रिकाम्या पाकिटात एक. पद्मजाबाईंनी सात नंबरचं पाकीट उघडलं, मग एकवीस, मग एकशे आठ. वरवर हात फिरवला तर आत रेकॉर्ड आहे असंच वाटत होतं.

खोकी आरोहीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली होती. आरोही म्हणजे ऋतुराजची धाकटी बहीण, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी. गुरुवारी संध्याकाळी माल आला, तेव्हा ऋतुराज आणि त्याचा मित्र अजिंक्य यांनी तीनशे पाकिटांवर नंबरांचे शिक्के मारले होते. त्या वेळी प्रत्येक पाकिटात तबकडी होती. म्हणजे जे घडलं ते शुक्रवार ते सोमवार या चार दिवसांत घडलं. या चार दिवसांत घरात तीनच माणसं होती: ऋतुराज, आरोही आणि अण्णा. बाहेरून येणारी-जाणारी दोन, अजिंक्य आणि झाडायला येणारी केराबाई. ऋतुराज त्या खोलीच्या शेजारीच काम करत होता, पण हेडफोन लावल्यावर घरातून हत्ती गेला असता तरी त्याला कळलं नसतं.

पद्मजाबाईंनी हिशेब सुरू केला. विकायला चोरणारा पाकिटासकट नेतो, कारण नंबर पाकिटावर आहे. द्वेषानं नेणारा समोरच्या खोक्यावर हात मारून मोकळा होतो. या माणसानं मात्र बारा खोक्यांतून शोधून शोधून तेवढेच नंबर काढले होते. म्हणजे त्याच्या हातात यादी होती.

“यादी कुठं असते?”

यादी हॉलमध्ये खिळ्याला टांगलेली होती, आठ महिने. इंग्रजी अक्षरांत नाव, गाव, नंबर. ओसाकाचा काझुया, डब्ल्यूनं सुरू होणारा पोलंडचा वोयचेक, बंगळूरची एक बाई, नागपूरचा अभिमन्यू. कागदाच्या दोन्ही कडांना करड्या रंगाचे अंगठ्याचे ठसे होते, शिसपेन्सिलीनं हात माखल्यावर उमटतात तसे. पद्मजाबाईंनी आरोहीच्या टेबलाकडे एक नजर टाकली. तिथं पेन्सिलींचा गठ्ठा होता.

तेवढ्यात केराबाई केरसुणी घेऊन आली. ती मूळची वळसंगची, आणि कुणी विचारायच्या आधी उत्तर देणारी. पद्मजाबाईंनी या चार दिवसांत काही वेगळं दिसलं का असं विचारताच तिनं कमरेवर हात ठेवला.

“वेगळं म्हंजे? शनवारी त्या गॅलरीत काळं काळं केस पडल्यालं. बारीक, कुरळं. घोड्याची हजामत केल्यागत. म्या इचारलं तर कुणी दादच देईना.”

“आरोहीचे असतील.”

“तिचं केस तारेगत सरळ हाईत की. अण्णाचं टक्कल. ह्याचं मुळापासनं कापल्यालं,” केराबाईनं ऋतुराजकडे हनुवटी केली. “घरात सून बी न्हाय, तिच्यावर घालावं तर.”

थोडे केस दाराच्या फटीत अजून अडकलेले होते. पद्मजाबाईंनी ते चिमटीत धरून कागदात घेतले. बोटाला ते चिकटून राहिले आणि झटकले तरी सुटेनात.

मागून जिन्यावर पावलं वाजली. आत आला तो अजिंक्य. त्याच्या डोक्यावर काळ्याभोर, बारीक कुरळ्या केसांचं टोपलं होतं.

३

अजिंक्यला फार विचारावं लागलं नाही. लोकांना बोलायचं असतं, फक्त समोरच्यानं घाई नसल्याचं नाटक करावं लागतं, आणि ते पद्मजाबाईंना छान जमायचं. त्यांनी त्याला चहा टाकायला लावला आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

तो फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइनचं काम करायचा. पाकिटावरचं चित्र त्याचंच होतं, आणि त्यावर त्याचं नाव मुंगीएवढं छापलं होतं, हे त्यानं दोन घोटांत सांगितलं. वितरक त्याला नकोच होता. आपण दोघांनी गावोगाव कार्यक्रम करून हाताहाती विकावं, म्हणजे ऐकणारा तरी डोळ्यांनी दिसतो, असं त्याचं मत होतं. यावरून दोघांचं महिनाभर वाजत होतं. पुठ्ठा गोल कापता येतो का, तर येतो, रोजचं काम. शनिवारी इथं आला होता का, तर नाही. रविवारी दुपारी जेवायला आला तेवढाच.

“म्हणजे तुम्हाला मी वाटतोय,” तो कप खाली ठेवत म्हणाला.

“मला अजून कुणीच वाटत नाही. वाटायला लागलं की चूक होते. डोक्यावरचा एक केस दे.”

त्यानं तो हसत उपटून दिला. पद्मजाबाईंनी दोन्ही केस खिडकीच्या उजेडात धरले. अजिंक्यचा केस गोल होता आणि ओढला तर ताणून परत येत होता. कागदातला केस चपटा होता. सुताराच्या रंध्याखालून निघतो तसा, पण सुतासारखा बारीक. ओढल्यावर तो तुटला. हा केस नव्हता. कशावरून तरी तासून निघालेला कीस होता.

मग आरोही. ती अभ्यासिकेतून दुपारी आली आणि बाईंना स्वतःच्या खोलीत बघून तिनं दप्तर जोरात ठेवलं. बारा खोकी खोलीत आली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. एक दिवस हे सगळं रद्दीत घालीन, असं ती म्हणाली होती, आणि ते चौघांनी ऐकलं होतं. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं, हे तिनं बाईंना जरा कायद्याच्या भाषेत समजावलं. शुक्रवारी आणि शनिवारी ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अभ्यासिकेत होती, सही करून. पेन्सिल ती वापरायची, पण उजव्या हाताला कापडी पट्टा बांधून, म्हणजे उत्तरपत्रिका मळत नाही. यादीवरचे ठसे तर दोन्ही हातांचे होते.

“मग तुझ्या खोलीची किल्ली?”

“किल्ली कशाला, दार उघडंच असतं. आणि अण्णा घरी होते की. पाठ धरली म्हणून दोन दिवस दुकानावर गेले नाहीत.”

पद्मजाबाईंनी विचारलं, याआधी कधी पाठीसाठी घरी राहिले होते का. आरोही विचारात पडली. तिच्या आठवणीत तरी नाही. आई गेली तेव्हा चार दिवस राहिले होते, तेवढंच.

रविवारचं जेवण तिनं स्वतःहून सांगितलं, कारण ते तिच्या मनात सलत होतं. ऋतुराजनं अजिंक्यला ऐकवायला घरच्या नऊमधली एक तबकडी लावली होती. ती संपल्यावर आरोहीनं ताट उचलावं तशी ती उचलली, अंगठा वर ठेवून. ऋतुराज सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडला. त्या रेघांमध्येच सगळं गाणं असतं, केसाएवढा ओरखडा गेला तरी सुई उडते आणि तबकडी मेली, हे तुला किती वेळा सांगायचं, असं. तिला रडू आलं. अण्णांनी तिची बाजू घेतली असती, नेहमी घेतात. त्या दिवशी त्यांनी काहीच म्हटलं नाही. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

“आणि तेव्हापासून,” आरोही म्हणाली, “नीट जेवतच नाहीत. मला वाटलं पाठच दुखतीय.”

पद्मजाबाईंनी दप्तरावरची धूळ उगीच पुसली. पत्ता सापडत आला होता, आणि तो सापडू नये असं एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

४

बुधवारी सकाळी त्या स्टीलचा एक रिकामा डबा घेऊन रिक्षानं मधल्या मारुतीच्या बाजारात गेल्या. तिथं भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर शिवयोगी अण्णा बसायचे. ऋतुराजचे वडील. भांड्यांवर नावं घालणं हा त्यांचा धंदा. पूर्वी छिन्नी-हातोडीनं ठोके मारून घालायचे, आता हातात विजेचं यंत्र होतं, पेनाएवढं, मधमाशीसारखं गुणगुणणारं. सोलापुरातल्या निम्म्या आहेराच्या पातेल्यांवर त्यांचं अक्षर होतं. मराठी, कन्नड, तेलुगू, जो जसं सांगेल तसं.

“बाई, तुमी? बसा की,” अण्णांनी गादी झटकली. डबा हातात घेऊन फिरवला. “कुटं घालू नाव? झाकणावर, का अंगावर?”

झाकणावर, असं सांगून पद्मजाबाई बसल्या. अण्णांनी पेनचं टोक टेकवलं आणि बघता बघता पद्मजा उमटली, मोत्यासारखी. स्टीलची करडी पूड त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना लागली होती. ती धुऊन जाणारी नव्हती, वर्षानुवर्षांची होती. बाईंनी त्या अंगठ्यांकडे बघितलं आणि नजर वळवली.

शेजारी पत्र्याचा एक तुकडा होता. नवीन अक्षर आलं की त्यावर आधी हात बसवायचा, मग भांड्यावर घालायचं, अशी अण्णांची रीत. पत्रा नावांनी भरलेला होता. त्या गर्दीत एका कोपऱ्यात इंग्रजी डब्ल्यू गिरवलेला होता, चार वेळा. पहिला वाकडा, चौथा देखणा.

सोलापुरात पातेल्यावर डब्ल्यू कोण घालून घेतं, याचा बाईंनी थोडा विचार केला. मग साधाच प्रश्न विचारला.

“अण्णा, थाळी असली तर नाव कुठं घालता?”

“थाळीवर किनारीला,” अण्णा डबा पुसत म्हणाले. “मधी घातलं तर अन्नाखाली जातंय. नाव दिसाया पायजे, तवा ते भांडं त्या माणसाचं झालं.”

एवढं बोलून त्यांचा हात थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई डब्याकडे बघत होत्या.

“गोल, चपटं, काळं असलं तरी किनारीलाच ना?” पद्मजाबाई हळूच म्हणाल्या.

यंत्र गुणगुणत होतं. अण्णांनी ते बंद केलं.

५

पद्मजाबाईंनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. वाण्याकडची यादी वाचावी तसं.

पुठ्ठ्यानं त्यांना पहिल्यांदा सांगितलं. एसटीत आपण रुमाल टाकून जागा धरतो, ती परत येऊन बसायचं असतं म्हणून. ज्यानं पाकिटात पुठ्ठा ठेवला, त्यानं तबकडीची जागा धरून ठेवली होती. त्याला ती परत ठेवायची होती. म्हणजे तो चोर नव्हता. कुणाला कळू न देता काहीतरी करून, जशीच्या तशी परत ठेवणारा होता. मग रविवारी असं काहीतरी झालं, की परत ठेवण्याचं धाडस राहिलं नाही. रविवारी झालं ते एवढंच, की ऋतुराज ओरडला. अजिंक्य हसत भात मागून जेवला, आरोही रडून का होईना जेवली. ताटावरून एकच माणूस उठला. शुक्रवार-शनिवार घरी राहिलेलाही तोच. कुरळा काळा कीस यंत्राच्या टोकाखालून निघालेला होता. यादीवर पूड होती. आणि पुठ्ठा इतका गोल कापायला अजिंक्य लागत नाही, थाळ्यांमध्ये घालायचे पुठ्ठे कापणारा हातही पुरतो.

“एक तेवढं मला कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्या काळ्या रेघा तुम्हाला काय वाटल्या?”

“नक्षी.” अण्णा पायरीकडे बघत होते. “थाळीला कडं असत्यात की, गोल गोल. तशी नक्षी वाटली.”

मग ते बोलायला लागले, तुटक तुटक. पोरगं आठ महिने त्या यादीपुढं उभं राहायचं. सकाळी चहा घेताना, रात्री दात घासताना. त्या लोकांनी न बघता, न ओळखता पैसे दिले होते. अशा माणसाला वस्तू द्यायची तर तिच्यावर त्याचं नाव नको का? अण्णांच्या हिशेबात आहेराचं भांडं नाव घातल्याशिवाय कुणाचं होत नव्हतं, नुसतं दुकानातलं भांडं राहायचं. पोराच्या यंत्रांतलं त्यांना काही कळत नव्हतं. एकदा विचारलं तर, तुम्हाला नाही कळायचं अण्णा, असं तो म्हणाला होता. रागानं नाही, कामाच्या घाईत. पण त्यानंतर विचारायचं राहिलं ते राहिलंच. हे मात्र कळण्यासारखं होतं. नाव घालणं.

“सगळ्या सोलापुराला इचारतो, कुटं घालू म्हणून. पोराला तेवढं इचारलं न्हाय.”

दुकानाच्या आत, थाळ्यांच्या खोक्यांमागे, एक खोकं ठेवलेलं होतं. अण्णांनी ते बाहेर आणून उघडलं. एक्केचाळीस तबकड्या, प्रत्येकीत वर्तमानपत्राचा कागद घातलेला. वरच्या तबकडीच्या काठावर वळणदार इंग्रजी अक्षरांत वोयचेकचं नाव होतं, खाली बारीक अक्षरात त्याचं गाव. काम इतकं सुबक होतं, की पद्मजाबाईंनी ते नाव दोनदा वाचलं.

“ऋतूला तुमीच सांगा बाई,” अण्णा म्हणाले. “मला जमणार न्हाय.”

“हे पार्सल तुमच्या नावावर आहे. सोडवायला दुसरा आला तर आम्ही देत नसू.” त्यांनी डबा पिशवीत टाकला. “आज संध्याकाळपर्यंत मी कुणाला काही बोलणार नाही. उद्या सकाळी मात्र तो मला विचारेल, आणि खोटं मी नोकरीतही लिहिलं नाही.”

६

संध्याकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरून आरोही त्यांना बोलवायला आली. अण्णांनी स्वतःच पोराला सगळं सांगितलं होतं.

हॉलमध्ये खोकं मधोमध होतं. ऋतुराज जमिनीवर बसला होता, अण्णा खुर्चीत, अजिंक्य दाराला टेकून. ऋतुराजनं काझुयाची तबकडी चढवली आणि सुई काठावर ठेवली. खर्र झालं, टक झालं, सुई बाहेर घसरली. त्यानं पुन्हा ठेवली, जरा आत. नळातली हवा फुसफुसायला लागायची ती जागा सगळी टक-टक करत गेली. गुडगुडणं आलं तेव्हा कुठे सुईला वाट सापडली. पुढे सगळं नीट होतं. गेले होते ते पहिले वीस-पंचवीस सेकंद.

“त्या सुरुवातीवर मी दोन महिने बसलो होतो, अण्णा,” ऋतुराज म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. पोरानं ओरडावं, अशी त्यांची तयारी दिसत होती. पोरगं ओरडलं नाही, आणि त्यांना ते जास्त जड गेलं.

अजिंक्यनं व्यवहाराचं सांगितलं. वितरकाचे अडीचशे पूर्ण भरू. या एक्केचाळीस जणांना लिहू, की माल वाटेत गहाळ झाला, पुढच्या खेपेला देतो. कुरियरमध्ये हरवणं काही नवीन नाही, कुणी शंका घेणार नाही. कालपर्यंत वितरक नको म्हणणारा हा मुलगा आता मित्राचं नाव वाचवायला धडपडत होता. पद्मजाबाईंनी ती गोष्ट मनात त्याच्या जमेला धरली, पण मत दिलं नाही. हा निर्णय त्यांचा नव्हता.

ऋतुराजनं यादीवर नजर टाकली. मग त्यानं काठावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि बाकीच्यांना नाही, फक्त अण्णांना विचारलं, की ही नावं घालायला किती वेळ लागला. दोन दिवस, असं अण्णा म्हणाले. पाठ काही धरली नव्हती.

रात्रीतच एक्केचाळीस जणांना पत्र गेलं. त्यात जे झालं ते होतं. वडील काय काम करतात, त्यांना काय वाटलं, तबकडीचं काय झालं. दोन्ही बाजूंचे फोटो होते. नाव घातलेली हवी असेल तर पहिले पंचवीस सेकंद मिळणार नाहीत. कोरी हवी असेल तर कोरी पाठवतो. पैसे परत हवे असतील तर तेही.

शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तरं आली. पैसे कुणीच मागितले नाहीत. सतरा जणांनी नावाची तबकडी ठेवली. चोवीस जणांनी कोरी मागितली. लोभस पत्र वाचूनही माणसाला न अडखळणारं गाणं हवं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. घरी दोनशे एकोणसाठ कोऱ्या होत्या. त्यातून चोवीस गेल्या, राहिल्या दोनशे पस्तीस. रॉटरडॅमला ऋतुराजनं तोच आकडा कळवला. तिथून तासाभरात सभ्य नकार आला. अडीचशे म्हणजे अडीचशे.

शनिवारी कुरियरची गाडी चाळीस पार्सलं घेऊन गेली आणि दहा खोकी आरोहीच्या भिंतीला राहिली. अण्णा गॅलरीत बसले होते. त्या दिवशीही ते दुकानावर गेले नव्हते, पण पाठीचं नाव कुणी काढलं नाही. पोराचं मोठं गिऱ्हाईक आपण घालवलं, एवढंच ते पद्मजाबाईंना म्हणाले. बाईंनी ते खोडून काढलं नाही. ते खरंच होतं.

ऋतुराज एक कोरी तबकडी आणि अण्णांची यंत्राची पिशवी घेऊन बाहेर आला आणि त्यांच्या पुढ्यात बसला. पोलंडच्या वोयचेकला दोन्ही हवं होतं, त्यानं सांगितलं. गाणं पूर्ण आणि नाव पण. म्हणून त्याचं पार्सल मागे ठेवलं होतं, सोमवारी जाईल. बंगळूरच्या बाईंच्या तीन मैत्रिणींनाही तसंच हवंय. वितरकाला हे जमलं नसतं, एकेकाला विचारून एकेक देणं. आता आपल्यालाच विकायच्यात, दोनशे पस्तीस.

“अजिंक्यचं ऐकावं लागणार म्हणजे,” पद्मजाबाई म्हणाल्या. आतून अजिंक्य काहीतरी पुटपुटला, ते कुणी मनावर घेतलं नाही.

ऋतुराजनं तबकडी उजेडात तिरकी धरली. मधल्या लेबलाभोवती, रेघा संपतात तिथं, बोटभर रुंदीचा गुळगुळीत काळा पट्टा होता. गाणं तिथं नसतं, असं तो म्हणाला. सुई तिथं पोचते तेव्हा सगळं संपलेलं असतं. कारखानासुद्धा आपला नंबर तिथंच कोरतो. खरोखरच तिथं चार बारीक आकडे चमकत होते.

अण्णांनी चष्मा पुसून लावला. तबकडी दोन्ही तळव्यांत धरली, रेघांना बोट लागू न देता, जशी पोरानं धरली होती तशीच. गोल फिरवून पूर्ण पट्टा बघितला, अंगठा लांब ठेवून माप घेतलं. मग यंत्र हातात घेतलं आणि ते चालू करायच्या आधी पोराकडे वर पाहिलं.

“हितं तर लई जागा हाय की, ऋतू.”